हात नसलेला नर्तक

सिसिलीच्या नैऋत्य किनाऱ्यावर मझारा देल वालो नावाचं मासेमारीचं गाव आहे. पालेर्मोला राहायला आल्यापासून तिथे जायचं मनात होतं, गेल्या रविवारी जमलं. तिथल्या सांत एजिदियो या जुन्या चर्चचं आता संग्रहालय झालंय, तेही मुख्यतः एका कांस्यमूर्तीसाठी. ती नाचणाऱ्या सॅटिरची. ग्रीक पुराणात मद्याचा देव डायोनिसस, त्याच्या मेळ्यातला हा टोकदार कानांचा सोबती. आपल्या शंकराचे गण असतात ना, तसाच.

मी भरतनाट्यम साताऱ्यात शिकले. हायवेलगतचं नटराज मंदिर तमिळनाडूतल्या चिदंबरमच्या नटराज मंदिराच्या धर्तीवर बांधलंय, म्हणून त्याला उत्तर चिदंबरम म्हणतात. क्लासच्या ताई आम्हाला तिथे न्यायच्या आणि नटराजाचे हात वाचायला लावायच्या. मागच्या उजव्या हातात डमरू, डाव्यात अग्नी, पुढचा उजवा अभय देणारा, डावा उचललेल्या पावलाकडे वळलेला. हात बोलले नाहीत तर नाच मुका, असं त्या म्हणायच्या.

इथे हातच नाहीत. १९९७ साली सिसिली आणि ट्युनिशियाच्या मधल्या समुद्रात मच्छीमारांच्या जाळ्यात आधी नुसता डावा पाय आला. मार्च १९९८ मध्ये जवळजवळ ५०० मीटर खोलीवरून धड आणि डोकं वर आलं. दोन्ही हात आणि उजवा पाय गेले ते गेलेच. रोममध्ये काही वर्षं डागडुजी होऊन २००३ मध्ये मूर्ती गावात परतली. आतून पोलादी आधार दिलाय. आपले चोळकालीन नटराज भरीव ओतीव, हा पोकळ. मेणाचा नमुना वितळवून त्या जागी धातू ओतायची रीत मात्र दोन्हीकडे तीच.

मी समोर उभी राहिले आणि हात शोधायचे विसरूनच गेले. मान मागे टाकलेली, तोंड किंचित उघडं, अलाबास्टर दगडाचे पांढरे डोळे, आणि केस वाऱ्यावर मागे उडालेले. त्या केसांवरूनच कळतं की हा स्वतःभोवती गरागरा फिरतोय. ही तर आमच्या नाचातली गिरकी, भ्रमरीच! कमरेतला पीळ पाठीच्या कण्यातून मानेपर्यंत चढत गेलेला दिसतो. मी मूर्तीभोवती चार प्रदक्षिणा घातल्या, दरवेळी तो पीळ नव्या जागी सापडला. नटराज कितीही वेगात असला तरी त्याचा चेहरा शांत असतो, मध्य ढळत नाही. हा स्वतःला पार सोडून देतो. मला दोन्ही हवेत.

रात्री घरी आल्यावर हात पाठीशी बांधून भ्रमरी घेऊन पाहिली. दुसऱ्याच फेरीला तोल गेला. उद्या पुन्हा करणार आहे.