जुनोनीचा बेदाणा, मोटेवाडीची वाइन आणि मायणीचे पक्षी

द्राक्षाच्या हंगामात सांगलीकडं येतो म्हणणाऱ्या पाहुण्यांना मी आधी एकच विचारतो: वाइन प्यायची आहे की द्राक्षं बघायची आहेत? नुसती वाइन हवी असेल तर नाशिक बरं. तिथं गंगापूर धरणाच्या बाजूला एका वायनरीतून दुसरीत जाता येतं, सगळी सोय आहे. आमच्याकडं तसं नाही. तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ ह्या पट्ट्यातली द्राक्षं खायची, निर्यातीची नाहीतर बेदाण्याची. वाइनसाठी जिल्हा ओलांडून माळशिरस तालुक्यात जावं लागतं. पण जाता-येता जे दिसतं ते नाशिकला दिसणार नाही, म्हणून पुण्याहून आलेल्या मेहुण्याला आणि त्याच्या बायकोला घेऊन आम्ही ही फेरी केली. सोबत सावळजच्या आत्या होत्या. आयुष्य बागेत गेलंय, वाइनच्या थेंबाला शिवत नाहीत, तरी ‘मला बघायचंय काय करत्यात ते’ म्हणून पुढच्या सीटवर बसल्या.

वाट अशी: सांगली, मिरज, कवठेमहांकाळ, नागज, जुनोनी, सांगोला, महूद, वेळापूर, मग मोटेवाडी. परतताना नातेपुते, शिखर शिंगणापूर, दहिवडी, मायणी, विटा, सागरेश्वर, पलूस, औदुंबर आणि सांगली. तीन जिल्हे होतात. मध्ये दोन मुक्काम धरा, एक वायनरीच्या बाजूला आणि एक विट्यात. एका मुक्कामात बसवायला गेलात तर फक्त डांबर बघून याल.

आता काळ. हे नीट वाचा, कारण बहुतेक लोक इथंच गंडतात. सातारा-सांगली म्हटलं की कास पठार यादीत पहिलं येतं. कासची फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. त्या वेळी द्राक्षबागेत बघायला काडी आणि पानंच असतात, फळछाटणी व्हायची असते. आणि द्राक्षं पिकतात तेव्हा, म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये, कासला वाळलेलं गवत आणि उघडा जांभा खडक. ठोसेघरचा धबधबाही तोवर बारीक झालेला असतो. दोन्ही एका सहलीत कोंबू नका. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चचा पहिला आठवडा सगळ्यात सोयीचा: वायनरीत तोडणी चालू असते, बेदाणा शेड भरलेली असतात, तळ्यांवर पक्षी अजून असतात आणि ऊन सोसवतं. 26 आणि 30 जानेवारी टाळा, ड्राय डे असतात.

सांगलीतून सकाळी सातला निघालात तर जुनोनीला साडेआठ. रत्नागिरी-सोलापूर महामार्ग चौपदरी झाल्यापासून हा रस्ता मस्त आहे. नागजच्या पुढं गेलात की दोन्ही बाजूंना लांबच लांब शेड सुरू होतात, वर पत्रा, कडेनं हिरवं शेडनेट. इथल्या माळावर हवा कोरडी आणि वारा सतत, म्हणून तासगावकडची द्राक्षंसुद्धा ट्रकानं इथं वाळवायला येतात. लोक ह्या रस्त्यानं पंढरपूरला जातात आणि एकही शेड न बघता पुढं निघून जातात, त्याचं मला नवल वाटतं.

आम्ही एका शेडपुढं गाडी उभी केली आणि विचारलं, बघू का म्हणून. मालक म्हणाले, “या की पावणं, त्यात काय इचारायचं.” क्रेटमधून आलेले घड आधी टबात बुडवत होते. पाण्यात पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल, म्हणजे इथाइल ओलिएट, मिसळलेलं. द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा थर असतो, तो ह्यानं सैल होतो आणि आतलं पाणी लवकर बाहेर पडतं. मग घड जाळीवर पसरायचे. एकावर एक दहा-बारा जाळ्यांचं रॅक, मध्ये माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट. पहिल्या दिवसाचा माल हिरवागार, टपोरा. तीन रॅक पुढं गेलं की सुरकुतायला लागलेला. शेवटच्या रॅकवर बेदाणा तयार. वाळायला साधारण पंधरा दिवस लागतात आणि चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. एका टोकाला गंधकाची धुरी चालू होती. तिकडं जाऊ नका, घसा धरतो आणि दम्याच्या माणसाला त्रास होईल. रंग टिकवायला ती धुरी देतात. गंधक नको असेल तर तसं स्पष्ट सांगून काळपट, बिनधुरीचा माल मागा. दिसायला डावा, चवीला चांगला.

मालकांना विचारलं, सगळ्यात भीती कशाची? म्हणाले, “आभाळाची. वर पत्रा हाय, पर हवा दमट झाली की माल काळा पडतोय. फेब्रुवारीत ढग दिसलं की आमाला झोप न्हाय बघा.” आत्यांनी मान हलवली. त्यांनी मूठभर बेदाणा हातात घेऊन दाबला, सोडला आणि परत सुटा होतोय का पाहिलं. गोळा होत असेल तर ओल आहे, घेऊ नका. घरी नेल्यावर बुरशी येते. त्यांच्या शिफारशीनं आम्ही पाच किलो घेतला. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, पण शेडवर कुणी त्याचं लेबल दाखवत नाही. ओळखीनं आणि हातानंच घ्यायचा. सौदे बघायची हौस असेल तर तासगाव किंवा सांगलीच्या बाजार समितीत वार विचारून जा. पेटीतला नमुना हातात घेऊन फेकायची, ‘उधळण’ म्हणतात ती पद्धत बघून शेतकऱ्याच्या पोटात का कालवतं ते समजेल.

सांगोल्यात चहा, महूदवरून वेळापूर. वेळापूरला अर्धनारीनटेश्वराचं हेमाडपंती देऊळ आहे, अर्धा तास द्या. पालखी मार्गावरचं गाव असल्यानं आषाढात पाय ठेवायला जागा नसते, फेब्रुवारीत देऊळ आपलंच.

मोटेवाडीची फ्रातेल्ली वायनरी ही अकलूजच्या मोहिते-पाटील, दिल्लीच्या सेखरी आणि इटलीच्या सेची कुटुंबांनी मिळून उभी केलेली. ती उभी राहिली तेव्हा टस्कनीचे पिएरो मासी हे तिथले मुख्य वाइनमेकर होते. आधी फोन करून फेरी आणि टेस्टिंगची वेळ ठरवल्याशिवाय जाऊ नका. रस्त्याकडेचं हॉटेल नव्हे ते. मुक्काम तिथंच करायचा असेल तर शनिवार-रविवार खूप आधी धरावा लागतो, नाहीतर अकलूजला लॉज आहेत.

बागेत शिरताच आत्यांनी तोंड वाकडं केलं. सांजिओव्हेसे ह्या इटालियन काळ्या जातीचे घड, बारके मणी, एकमेकांत दाटलेले. “हे काय घड? आमच्याकडं ह्याची कवाच विरळणी झाली असती.” खाण्याच्या द्राक्षाला मणी मोठा आणि घड मोकळा लागतो, त्यासाठी जीएचं, म्हणजे मणी फुगवणाऱ्या संजीवकाचं पाणी, विरळणी, सगळा खटाटोप. वाइनवाल्यांना नेमकं उलटं हवं: मणी लहान, साल जाड, बी असलेलं. चव आणि रंग सालीत असतो आणि लहान मण्यात रसाच्या मानानं साल जास्त. फेरी घडवणाऱ्या मुलानं काळा मणी तळहातावर चिरडून दाखवला. रस जवळजवळ पांढरा. लाल वाइनचा लाल रंग येतो तो सालीसकट आंबवल्यामुळं. पांढऱ्या वाइनला रस आधी काढून घेतात आणि थंड टाकीत सावकाश आंबवतात. आत्यांनी एक मणी तोंडात टाकला आणि थोडा वेळ गप्प. “बारकं हाय, पर गोड लई हाय.” साखर जास्त चढल्यावरच ही द्राक्षं तोडतात, तीच साखर पुढं दारू होते. त्यानंतर त्या मुलाला आत्यांच्या प्रश्नांतून सुटका नव्हती: छाटणी कधी, डावणीला, म्हणजे वेलीवरच्या बुरशीला, काय मारता, एकरी किती टन. आमची फेरी ठरल्यापेक्षा बरीच लांबली आणि ती लांबायलाच हवी होती.

टेस्टिंगबद्दल माझं मत. शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन आमच्या जिभेला लगेच पटते. किंचित गोडसर, खरड्याबरोबर सुद्धा चालेल. ‘सेट्टे’ ही त्यांची नावाजलेली लाल, सांजिओव्हेसे आणि कॅबरने सोव्हिन्यों मिळून. मला काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबरच आवडली, नुसती प्यायला जड वाटली. मेहुण्याचं म्हणणं उलट. टेस्टिंग जेवणाआधी करा, आणि तिखट खाऊन जाऊ नका, नाहीतर सगळ्या वाइन एकच लागतात. गाडी चालवणाऱ्यानं एक घोटही घेऊ नये. कायद्यात 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, पण चार ग्लासांच्या चवी घेणाऱ्याला आपण कुठं पोचलो ते कळत नाही. बाटल्या घेतल्यात तर पावती जपून ठेवा आणि डिकीत उन्हात ठेवू नका. आम्ही त्या बेदाण्याच्या पिशव्यांमध्ये गुंडाळून सीटखाली ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी लवकर निघून नातेपुत्याहून शिखर शिंगणापूर. घाट चढताना मागं वळून बघा. ही शंभू महादेवाची डोंगररांग, एका अंगाचं पाणी भीमेला, दुसऱ्या अंगाचं कृष्णेला. डोंगर उघडे, तांबडे, फेब्रुवारीत तर अगदीच भाजलेले. ह्या माणदेशात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला महाबळेश्वरात पाच हजारांच्या वर. सातारा म्हणजे फक्त हिरवळ असं समजणाऱ्याला मी एकदा शिंगणापूरच्या पायऱ्यांवर उभा करीन. वर देऊळ देखणं आहे, खाली मालोजीराजांनी बांधवलेला तलाव. दहिवडीत बाजरीची भाकरी आणि मटण मिळतं, ते चुकवू नका.

मायणीच्या तलावावर सकाळी पोचावं असं सगळे सांगतात. आम्ही दुपारी चारनंतर गेलो आणि तेही चाललं. आधी येरळवाडीच्या तलावावर जा. पाणी किती आहे ते गावात विचारून घ्या. पाणी फार चढलं तर उथळ कडा राहत नाहीत आणि फार आटलं तर काहीच राहत नाही. आम्हाला चित्रबलाक भरपूर दिसले, पट्टकदंब हंसांचा एक थवा आणि लांबवर चिखलात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. दुर्बीण लागतेच, मोबाइलच्या झूमवर फक्त ठिपके येतात. जवळ जायचा मोह आवरा, एकदा उठले की अख्खा थवा पलीकडच्या काठाला जातो आणि मागून आलेल्यांच्या शिव्या खाव्या लागतात. येरळवाडीचं हे पाणी येरळा नदीचं. हीच नदी पुढं ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते.

विट्यात मुक्काम. देशभर सोन्या-चांदीची गलाई, म्हणजे वितळवून शुद्ध करायचं काम, करणारी मंडळी ह्याच भागातली, त्यामुळं गावाच्या मानानं बंगले मोठे. हॉटेलं ठीकठाक, जास्त अपेक्षा नको.

सागरेश्वर अभयारण्यात मात्र दार उघडताच शिरा. जेमतेम 10.87 चौरस किलोमीटर, आणि मूळचं जंगल नव्हेच. उजाड डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते आणि गावकऱ्यांनी झाडं लावून, जपून उभं केलेलं, 1985 साली अभयारण्य झालं. चितळ आणि सांबर हमखास, काळवीट नशिबानं. पानगळ झालेली असते म्हणून प्राणी लांबून दिसतात. पाणी आणि टोपी घेऊन किर्लोस्कर पॉइंटपर्यंत चाला. तिथून कृष्णेचं खोरं एका नजरेत येतं: ऊस गडद हिरवा, द्राक्षबागा ओळीत आखलेल्या, मध्ये नदी. माणदेश बघून आल्यावर हे पाहिलं तर पाणी म्हणजे काय ते डोळ्यालाच कळतं. खाली सागरेश्वराच्या देवळांचा जुना समूह आहे, आणि शेजारचं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव.

पलूसबद्दल एक सूचना. नकाशावर तिथं वाइन पार्क दिसेल. राज्याच्या 2001च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर विंचूर आणि पलूस इथं असे पार्क झाले. पण हे एमआयडीसीचे औद्योगिक भूखंड आहेत, पर्यटकांची जागा नव्हे. आधी कुणाशी बोलणं झालेलं नसेल तर गेटवरूनच परत याल. त्यापेक्षा आजूबाजूच्या एखाद्या बागेत विचारून शिरा. औषध मारलंय का, हे विचारल्याशिवाय मणी तोडून तोंडात टाकू नका. निर्यातीची बाग असेल तर आतच जाऊ नका, तिथं फवारणीचे दिवस मोजलेले असतात. शेतकरी आपणहून देईल, घड कापून देईल, पैसेही घेणार नाही. तेव्हा त्याच्या मुलांच्या हातात खाऊचे पैसे ठेवा.

तिथून औदुंबर. दत्ताचं दर्शन, कृष्णेचा घाट, आणि पाणी असेल तर नावेनं पलीकडं भुवनेश्वरीला. संक्रांतीला येणार असाल तर 14 जानेवारीचं औदुंबरचं साहित्य संमेलनही मिळेल, पण मग वायनरीची तोडणी नुकतीच सुरू झालेली असते आणि शेड रिकामी. काठावरची वांगी मिळाली तर घ्या, भरीत करायला दुसरी नकोत.

मेहुणा आणि त्याची बायको किर्लोस्करवाडीहून रेल्वेनं पुण्याला गेले. हे सोयीचं पडतं, सांगलीपर्यंत परत यायची गरज नाही. फक्त तिथं कोणती गाडी थांबते ते आधी बघा आणि आरक्षण करा. बेदाणा घरी पोचल्यावर हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, उन्हाळ्यात बाहेर राहिला तर रंग काळवंडतो. आत्यांनी स्टेशनवर निरोप देताना मेहुण्याला पुढच्या सालच्या छाटणीला यायचं बोलावणं दिलंय, आणि तो यायला निघाला तर त्याला ऑक्टोबरच्या सुरुवातीला कासलाही नेता येईल.