चौथा खंड सापडत नाही

पुण्यात हडपसरच्या बाजूला एका छोट्या कंपनीत मी काही वर्षं जर्मन मजकूर तपासायचं काम केलं. नातेवाइकांना ते समजावून सांगताना नेहमी पंचाईत व्हायची. जर्मनीतल्या ग्रंथालयांनी स्कॅन केलेली जुनी पुस्तकं आमच्याकडे यायची आणि आमची मुलं-मुली ती अक्षर न् अक्षर टाइप करायची. त्यांच्यापैकी जर्मन कुणालाच येत नसे. सोलापूर, बार्शी, इंदापूरकडून आलेली, टायपिंगचा हात साफ असलेली मंडळी. एकच पान दोघं जण वेगवेगळं टाइप करत. मग सॉफ्टवेअर दोन्ही फायली शेजारी ठेवून जिथे फरक असेल तिथे पिवळं करी. त्या पिवळ्या जागा मूळ पानाशी ताडून खरं काय ते ठरवायचं, एवढं माझं काम. करारात अचूकता ९९.९५ टक्के. म्हणजे दहा हजार अक्षरांत पाच चुका माफ, सहावीला बॅच परत.

लोकांना वाटतं, भाषा न येणारा माणूस जास्त चुकत असेल. उलटं असतं. ज्याला भाषा येते तो अर्धा शब्द वाचतो आणि उरलेला मनाने भरतो. मी स्वतः टाइप करायला बसले असते तर आमच्या ताईंच्या निम्म्यानेही अचूक झालं नसतं. ताई म्हणजे आमच्याकडची सगळ्यात जुनी ऑपरेटर. नवीन मुलांना त्या एकच गोष्ट सांगायच्या, "डोळ्याला दिसतंय तेच टाइप करायचं. डोकं घरी ठेवून यायचं."

तर त्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा टीम लीडर माझ्या खुर्चीशेजारीच उभे होते.

"मॅडम, चौथा व्हॉल्यूम कुठंय?"

थिओडोर मॉमसेन नावाच्या प्राध्यापकाचा रोमचा इतिहास आमच्याकडे चालू होता. मोठं काम होतं आणि ऑपरेटर खूश होते, कारण त्याच्या पहिल्या तीन खंडांत तळटिपा फार थोड्या. तळटिपा म्हणजे आमच्या धंद्यातला खडा. अक्षर बारीक, आकडे उलटेसुलटे, आणि दर हजार अक्षरांना पैसे तेवढेच. क्लायंटच्या यादीत लिहिलं होतं 'खंड १ ते ५'. सर्व्हरवर फोल्डर होते १, २, ३ आणि ५. आठवडाअखेर डिलिव्हरी, उशीर झाला तर दंड.

मग जे व्हायचं ते झालं. हार्ड डिस्क कपाटातून काढून पुन्हा एकदा जोडल्या गेल्या. आवक रजिस्टर उघडलं. कुरिअरचे खोके कोणी फोडले, कॉपी कोणी केली, त्या दिवशी कोणाची शिफ्ट होती, सगळी चौकशी झाली. आयटीतला मुलगा बिचारा बॅकअपच्या बॅकअपमध्ये शिरला. त्याने कुठल्या तरी दुसऱ्या पुस्तकाचा चौथा खंड शोधून आणला आणि क्षणभर सगळ्यांचे चेहरे उजळले. जर्मनीला विचारावं तर तिथे ऑफिस उघडायला आपल्याकडे साडेबारा वाजतात. तोपर्यंत नुसती घालमेल.

"तुम्ही जरा बघा ना हा लेखक कोण आहे ते," टीम लीडर म्हणाले. "त्याच्याशी डायरेक्ट बोलता येईल का?"

"सर, माणूस १९०३ साली गेला."

"मग कोणी फॅमिलीत?"

फॅमिली बक्कळ होती. मॉमसेनला सोळा मुलं झाली. पण साडेबारापर्यंत दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच, म्हणून मी खरोखरच त्याचं चरित्र शोधत बसले. आत्तापर्यंत त्याची शेकडो पानं माझ्या डोळ्यांखालून गेली होती, पण पिवळ्या जागांपुरतीच. हा माणूस कोण, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

श्लेस्विगमधल्या गार्डिंग गावच्या पाद्र्याचा मुलगा, जन्म १८१७. तो भाग तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होता, आणि म्हणूनच पुढे याला इटलीला जायला डॅनिश सरकारची शिष्यवृत्ती मिळाली. शिकला कायदा, कील विद्यापीठात. इटलीत मात्र त्याला दगडांवरच्या लेखांचा नाद लागला. सान मारिनोमध्ये राहणारा बोर्गेझी हा त्या विद्येतला जुना जाणता. त्याच्याकडून मॉमसेन एक शिस्त शिकला: आधीच्या कोणी उतरवून ठेवलेलं पुन्हा उतरवायचं नाही, दगडापाशी जायचं आणि डोळ्याने बघायचं. हे वाचल्यावर मला ताईंची आठवण झाली आणि हसू आलं. फरक इतकाच की हा डोकं घरी ठेवून जात नसे. शंका आली की तो लेख खोटा म्हणून बाजूला काढी. पुढे बर्लिनच्या अकादमीसाठी त्याने लॅटिन कोरीव लेखांचा जो महासंग्रह, 'कॉर्पस इन्स्क्रिप्शनम लॅटिनारम', सुरू केला, त्यात खोटे लेख वेगळे छापून त्यांच्या क्रमांकाला चांदणी लावलेली आहे. तो संग्रह अजून चालू आहे. आपल्याकडे कनिंगहॅम या इंग्रज पुरातत्त्वज्ञाने १८७७ मध्ये भारतीय लेखांची जी मालिका काढली, तिचं 'कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकारम' हे नाव त्याच वळणावरचं. वा. वि. मिराशींनी वाकाटकांचे लेख संपादित केले ते याच मालिकेत.

१८४८ मध्ये हा लाइपझिगला कायद्याचा प्राध्यापक झाला. ते वर्ष युरोपात क्रांतीचं. पुढच्या मे महिन्यात सॅक्सनीत उठाव झाला, त्यात मॉमसेन आणि त्याचे दोन प्राध्यापक मित्र अडकले, आणि १८५१ मध्ये तिघांचीही नोकरी गेली. नोकरी जाण्याआधी त्याने लाइपझिगमध्ये प्राचीन रोममधल्या ग्राकस बंधू या सुधारक नेत्यांवर एक जाहीर व्याख्यान दिलं होतं. श्रोत्यांत रायमर आणि हिर्झेल हे दोन प्रकाशक बसलेले. त्यांनी लगोलग त्याला गाठून विचारलं, रोमचा इतिहास लिहाल का? रोमच्या इतिहासाला हे असं निमित्त झालं. पुढे त्याने त्याच रायमरच्या मुलीशी लग्न केलं, आणि ती सोळा मुलं तिची.

पहिले तीन खंड आले १८५४, ५५ आणि ५६ मध्ये, म्हणजे झ्युरिक आणि ब्रेस्लाऊ इथे नोकरी करत असताना. चाळिशीच्या आतल्या, हरलेल्या क्रांतीचा राग पोटात असलेल्या माणसाने लिहिलेलं पुस्तक आहे ते. सिनेटमधल्या सरदारांना तो प्रशियातल्या जमीनदारांसारखं झोडपतो. सिसेरो या रोमन वक्त्याची तर इतकी टर उडवतो की मला सिसेरोची दया आली. आणि सीझर म्हणजे त्याचा देवच. तिसरा खंड संपतो थाप्ससच्या लढाईपाशी, इसवीसनापूर्वी ४६. सीझर जिंकलेला आहे, जिवंत आहे. खून व्हायला अजून दोन वर्षं आहेत. मॉमसेन तिथेच थांबला.

एवढ्यात आयटीतला मुलगा धावत आला. "सापडलं! जळालं!"

त्यालाही इंटरनेटवर काहीतरी मिळालं होतं. आणि ते खोटं नव्हतं. जुलै १८८० मध्ये एका रात्री बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्गला मॉमसेनच्या घराला आग लागली. पुस्तकं आणि कागद वाचवायला तो आगीत शिरला आणि भाजला. ग्रंथसंग्रह गेला. त्याहून वाईट म्हणजे संपादनासाठी उसनी आणलेली जुनी हस्तलिखितं गेली. त्यात जॉर्डानेस या सहाव्या शतकातल्या इतिहासकाराचं हायडेलबर्गचं हस्तलिखित होतं, ज्याची दुसरी प्रत होणं शक्यच नाही. देशोदेशीच्या अभ्यासकांनी वर्गणी काढून त्याला पुस्तकं पाठवली. त्याच्याशी फारसं सख्य नसलेला तत्त्वज्ञ नीत्शेसुद्धा ही बातमी वाचून हेलावला. चौथा खंड त्याच आगीत गेला, अशी आवई तेव्हापासून आहे.

टीम लीडरांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रंग आला. "म्हणजे नैसर्गिक आपत्ती! मॅडम, क्लायंटला मेल टाका, चौथा व्हॉल्यूम १८८० साली जळाला. दंड नाही बसणार."

मला ते पटेना. जळालेल्या पुस्तकाला यादीत क्रमांक कोण देईल? आणि तिसऱ्या खंडापासून आगीपर्यंत चोवीस वर्षं होती. ज्याने तीन खंड तीन वर्षांत काढले, तो चोवीस वर्षं चौथ्याची फाइल घरात ठेवून बसला होता? मी म्हटलं, "सर, अर्धा तास द्या." आणि पाचव्या खंडाचं पहिलं फोल्डर उघडलं. १८८५ ची आवृत्ती. आगीनंतर पाच वर्षांची.

प्रस्तावना दोघांनी टाइप करून झाली होती, तपासायची मात्र राहिली होती. त्यात एका जागी एकाच्या फाइलमध्ये अख्खी ओळ गायब. ही आमच्याकडची नेहमीची चूक. एकच शब्द दोन ओळींत जवळजवळ आला की डोळा पहिल्यावरून उठतो आणि दुसऱ्यावर जाऊन बसतो. मधलं गळतं. हस्तलिखितं नकलणाऱ्या जुन्या लेखनिकांच्याही हातून असंच गळायचं, आणि मॉमसेनचं अर्धं आयुष्य असली गळती शोधण्यात गेलं. इथे घसरायला लावणारे शब्द होते 'चौथा' आणि 'पाचवा'. दोन ओळींत तेच ते, उलटसुलट.

मी मूळ पान मोठं करून वाचलं. मॉमसेन म्हणत होता की पाचवा खंड आज चौथ्यावाचून तुकडाच आहे, तसाच चौथाही पाचव्यावाचून तुकडाच झाला असता. त्याच्याच थोडं वर, इतिहास पुढे न्यावा अशी लोकांनी अनेकदा मागणी केली, आपलीही तीच इच्छा होती, पण सुटलेला धागा तीस वर्षांनी पुन्हा हातात घेणं किती कठीण, असं स्वच्छ लिहिलेलं. आगीचं नाव त्या ओळींत नव्हतं. चौथा खंड हरवलेला नव्हता, जळालेलाही नव्हता. त्याने तो लिहिलाच नव्हता. एक जागा मोकळी सोडून तो पुढच्या क्रमांकाचं पुस्तक छापून मोकळा झाला होता.

आमच्या फ्लोअरवर दोन माणसांनी हे शब्द बोटांनी टाइप करून ठेवले होते, आणि सकाळपासून आम्ही कपाटं उचकत होतो.

"लिहिलाच नाही म्हणजे?" टीम लीडर. "चौथा न लिहिता पाचवा कसा लिहिता येईल?"

प्रश्न चुकीचा नव्हता. त्यावर युरोपातल्या विद्वानांनी शंभरेक वर्षं डोकं खाजवलंय. चौथ्यात यायचे होते सम्राट: ऑगस्टस, टायबेरियस, नीरो, त्यांची कारस्थानं, त्यांचे दरबार. पाचव्यात आहेत प्रांत: स्पेन, गॉल, इजिप्त, सीरिया, सामान्य माणसांचे रस्ते, गावं, कर. हे सगळं त्याला त्या कोरीव लेखांनी दिलं होतं. माझं मत विचाराल तर मधल्या तीस वर्षांत त्याच्यातला लेखकच बदलला. दगडापाशी जाऊन बघायची सवय लागलेल्या माणसाला राजवाड्यातल्या कुचाळक्या ऐकीव वाटल्या असणार. शिवाय राजकारणातला तो माणूस तोवर कडू झालेला. ट्राइश्के या सहकारी प्राध्यापकाने ज्यूंविरुद्ध गरळ ओकली तेव्हा १८८० मध्ये याने छापून विरोध केला. निवडणुकीच्या भाषणात जर्मनीचा चान्सलर बिस्मार्क याच्या धोरणावर इतकं बोलला की बदनामीचा खटला अंगावर आला. सुटला, पण देशाबद्दलचा विश्वास उडालाच. सीझर तलवार म्यान करून राज्य सुधारेल, हे तिशीत लिहिणं सोपं होतं. सीझरनंतर प्रत्यक्षात काय झालं ते साठीत, बिस्मार्कच्या बर्लिनमध्ये बसून लिहायची त्याला इच्छा उरली नसेल.

टीम लीडरांना मी यातलं फक्त शेवटचं वाक्य सांगितलं. ते म्हणाले, "हे मेलमध्ये नका टाकू."

साडेबाराला मेल गेला: प्रस्तावनेच्या पानाचा क्रमांक आणि त्या दोन ओळी. दीड वाजता उत्तर आलं. बरोबर आहे, यादी करणाऱ्याने १ ते ५ असं सरसकट लिहिलं, दुरुस्त करतो. एक जास्तीचं वाक्यही होतं: असं विचारणारे तुम्ही पहिले नाही.

दुपारी ताई डबा खाताना म्हणाल्या, "मग शेवटपर्यंत लिहिलाच नाही का हो त्यांनी?"

नाही. १९०२ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं, तेही मुख्यत्वे याच अर्धवट इतिहासासाठी. वर्षभरात तो गेला. पण वर्गात मात्र तो सम्राटांचा इतिहास शिकवत असे. १८८२ ते १८८६ या काळात त्या तासांना बाप-लेक शेजारी बसत. बाप सेबास्टियान हेन्झेल, संगीतकार फॅनी मेंडेल्सोनचा मुलगा, पन्नाशी ओलांडलेला, बर्लिनच्या एका मोठ्या हॉटेलचा संचालक राहिलेला. मुलगा पाउल, पुढे तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक झाला. दोघांनी वह्या भरल्या. १९८० मध्ये आलेक्झांडर डेमांट या बर्लिनच्या इतिहासकाराला त्या न्यूरेम्बर्गच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात सापडल्या, आणि १९९२ मध्ये छापून आल्या.

"म्हणजे ऐकून लिहिलेलं," ताई म्हणाल्या. "दोघांनी लिहिलं ना? मग जुळवून बघितलं असेल की."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि जागेवर गेल्या. संध्याकाळपर्यंत पाचव्या खंडाची प्रस्तावना पास झाली. हिशेब विभागाने मात्र चार दिवस त्रास दिला. अंदाजपत्रकात चौथ्या खंडाची अक्षरं धरलेली होती, ती वजा करायला 'क्लायंटने रद्द केले' हा एकच पर्याय त्यांच्या सिस्टीममध्ये होता. तोच निवडला. बिल चार खंडांचं गेलं.