क्लबचं वार्षिक आणि अँट्रिमचे आजोबा

नोव्हेंबर उजाडला की आमच्या बाईक क्लबच्या ग्रुपवर वार्षिक सभेचे मेसेज सुरू होतात. हॉल मिळाला का, रॅफलला (म्हणजे लकी ड्रॉला) बक्षिसं कोण देतंय, सूप कोण करणार. इकडे बाईकचा सीझन तोवर आटपलेला असतो, डिसेंबरच्या तोंडावर चार-सव्वाचारलाच अंधार पडायला लागतो, रस्त्यावर ओली पानं, मग सगळे रायडर बिचारे हॉलमध्ये जमतात. क्लब आमचा छोटा, आयर्लंडमध्ये मीथमधला, डब्लिनपासून लांब नाही. मी आलो तेव्हा मराठी असा मी एकटाच होतो. आता आपली अजून काही मंडळी आहेत, म्हणजे ग्रुपवर आहेत, त्यावर नंतर येतो.

अहवाल, हिशोब, नवीन कमिटी (म्हणजे जुनीच), अनुमोदन, टाळ्या, हे सगळं होतं, ते सोडून देऊ. इन्शुरन्सवर दरवर्षी तेच रडगाणं. 2023 ला तर इन्शुरन्स एवढा वाढला की उत्तर आयर्लंडमधल्या रोड रेस रद्दच होणार असं जाहीर झालं होतं, मग लोकांनी अक्षरशः वर्गणी काढली आणि नॉर्थ वेस्ट 200 ही तिकडची मोठी रेस झाली. त्या वर्षी आमच्या खजिनदाराने भाषणात वर्गणी थकवणाऱ्यांकडे जे बघितलंय! मग बक्षिसं. सगळ्यात जास्त राइडला आलेला, सगळ्यात जास्त भिजलेला, आणि एक प्लास्टिकचा कप, जो पार्किंगमध्ये उभी बाईक आडवी पाडणाऱ्याला मिळतो. तो कप नेहमी एखाद्या अनुभवी माणसालाच जातो, आयबीटीचं, म्हणजे नवीन रायडरसाठीचं 16 तासांचं ट्रेनिंग करून नुकत्याच आलेल्या पोरापोरींना कधीच नाही.

मला खरं काय आवडतं तर बक्षिसं झाल्यावरची ती दहा-पंधरा मिनिटं. अध्यक्ष विचारतात, कोणाला काही बोलायचंय का, आणि सगळे वळून अँट्रिमच्या आजोबांकडे बघतात. आजोबा मूळचे उत्तर आयर्लंडमधल्या अँट्रिमचे, बॅलीमनीच्या जवळचे, लग्नानंतर दक्षिणेत आले ते इथेच राहिले. वर्षभर हा माणूस बोलत नाही. राइडवर कायम शेवटचा, म्हणजे स्वीप. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडे पुढे लीडर असतो, त्याच्या मागचा रायडर प्रत्येक वळणावर थांबून बाकीच्यांना दिशा दाखवतो, आणि शेवटचा स्वीप येऊन मान हलवतो तेव्हाच त्याने निघायचं. सॅली गॅपच्या फाट्यावर आडव्या पावसात मी असा उभा राहिलोय, ग्लोव्हजमध्ये पाणी, व्हायझरवर धुकं, सगळे गेले की काय अशी धाकधूक, आणि मग लांबून यांच्या जुन्या होंडाचा दिवा दिसायचा. जवळ आले की मान एकदा तिरकी करायचे, बस्स.

तर हे आजोबा उठतात आणि बाईक रेसर जोई डनलॉपची गोष्ट सांगतात, दरवर्षी तीच. जोई त्यांच्याच गावाकडचा, पिवळं हेल्मेट, आणि बोलायला लाजाळू. 1985 ला तो आयल ऑफ मॅनच्या टीटीला, म्हणजे त्या बेटावरच्या बाईक शर्यतींना, मासेमारीच्या बोटीतून निघाला, स्ट्रँगफर्डला बोट बुडाली, सगळे वाचले, आणि त्याच टीटीत पठ्ठ्याने तीन रेस जिंकल्या. इथे आजोबा पाणी पितात. मग एकदम 2000 साल. जोई 48 वर्षांचा, लोक म्हणत होते आता बास कर, आणि त्याने पुन्हा एका टीटीत तीन जिंकल्या, एकूण 26. सत्यनारायणाच्या कथेत पुढे काय ते सगळ्यांना पाठ असतं तरी कोणी उठत नाही, तसंच असतं हे, सँडविचचा कागदसुद्धा कोणी वाजवत नाही.

पण आकडे ते भरभर सांगतात. त्यांना खरं सांगायचं असतं ते व्हॅनचं. जोई व्हॅनमध्ये खाणं, कपडे, बाळांचं सामान भरायचा आणि एकटा गाडी हाकत रुमानियाला अनाथाश्रमांत नेऊन द्यायचा, बोस्निया-अल्बानियालाही गेला, कॅमेरा नाही, गाजावाजा नाही. 1996 ला ओबीई हा ब्रिटिश किताब मिळाला तो या कामासाठी. एवढं बोलून आजोबा खाली बसतात. तालिनपर्यंत ते कधी येतच नाहीत. 2000 सालीच, 2 जुलैला, एस्टोनियात तालिनला रेसमध्ये पुढे असताना जोई गेला हे हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत आहे. बॅलीमनीला अंत्ययात्रेला सुमारे 50,000 माणसं लोटली होती, त्यात हेही होते, हे मला त्यांनी नाही, त्यांच्या मुलीने सांगितलं, चहा ओतता ओतता. 2024 ला जोईच्या पुतण्याने, मायकलने, 26 चा रेकॉर्ड मोडला तेव्हा आम्हाला वाटलं यंदा तरी गोष्ट बदलेल. छे! 26 वरच थांबले आणि व्हॅनवर गेले. मला दरवर्षी गळ्याशी येतं, शेजारच्याला सर्दी झालीय असं दाखवतो.

त्यांच्यानंतर कोणाला बोलायला लावणं म्हणजे शिक्षाच, पण ब्लड बाईकवाल्या ताई बोलतात आणि छान बोलतात. रात्री स्वतःचा वेळ देऊन, पैसे न घेता, एका हॉस्पिटलमधून दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये रक्त, सॅम्पल्स पोचवायची. वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी आईचं दूधसुद्धा, जे सीमेपलीकडे फर्मानाच्या मिल्क बँकेतून येतं. त्या म्हणतात सीमा कळते ती फक्त पाट्यांवर मैलांचे किलोमीटर झाले की. मग रॅफल, आणि संपलं.

आता माणसं. कोणी राहिलं तर रागवू नका. हॉलची किल्ली देणारे आणि हीटर दोन तास आधी लावून ठेवणारे केअरटेकर. सूपवाल्या काकू आणि त्यांची बहीण, ब्राउन ब्रेड बहिणीचा असतो, क्रेडिट मात्र काकूंना जातं. रॅफलची तिकिटं फाडणारी जुळी मुलं. पार्किंगला हाय-व्हिज घालून थंडीत उभे राहणारे तिघं, ज्यांना सूप गार झाल्यावर मिळतं. टॉय रनला (मुलांसाठी खेळणी घेऊन जायच्या राइडला) लेदरवर सांताचा ड्रेस चढवणारा आमचा प्लंबर. माईक दुरुस्त करणारा, जो दरवर्षी बिघडतोच (माईक). आणि हो, उरलेली भांडी घासणारा तो शांत पोलिश मुलगा, मागच्या वेळी आभारात त्याचं नाव राहिलं होतं, कोणीच बोललं नाही, मला मात्र घरी जाईपर्यंत डाचत होतं.

राहता राहिली आपली मराठी मंडळी. बाईक घेतल्या, छान घेतल्या, माझ्यापेक्षा भारीच आहेत. सॅली गॅपला फोटो, कॉनर पासला फोटो, वाइल्ड अटलांटिक वेवर ड्रोन उडवून व्हिडिओ. वार्षिकाला मात्र कोणाची ऑनकॉल, कोणाचे पाहुणे. मागच्या वर्षी दोघं आले, सूप प्यायले आणि आजोबा उठायच्या आत निघून गेले, अरे काय! आजोबांनी मला नंतर विचारलंसुद्धा, तुझे मित्र कुठे गेले म्हणून, मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. तर यंदा या, आणि थांबा. संध्याकाळी पाच वाजता खुर्च्या लावायला दोन माणसं कमी आहेत. सूप सहाला सुरू होतं आणि अर्ध्या तासात संपतं, नंतर माझ्या नावाने ओरडू नका.