हरभऱ्यातले राखाडी कोष

डिसेंबरात लातूरकडच्या एका गावातून फोन आला. "मॅडम, हरभऱ्यावर अळी पडली. औषध आणून ठेवलंय, पण आधी तुम्ही एकदा बघून जा." गेले तर पंप बांधावर तयारच होता. पीक फुलोऱ्याला आलेलं, शेंड्याची कोवळी पानं खरवडून पांढुरकी पडलेली. घाटेअळीच. ही एक अळी पुढे 30-40 घाटे पोखरते, त्यामुळे काकांची घाई रास्तच होती.

ओळीत बसून झाडं चाळू लागले. हरभऱ्याच्या पानांवर सुटणाऱ्या आंबट, चिकट आंबेनं बोटं चिकट झाली. काकांनी एक डहाळी पुढे केली, "ही बघा, अंडीबी घातलीत." पानाला तांदळाच्या दाण्याएवढा कोष चिकटलेला, राखाडी-पांढरा, वर काळे ठिपके. त्याला लागूनच एका छोट्या अळीचं सुकलेलं, आत काही न उरलेलं कातडं.

"काका, ही अंडी नाहीत. ही अळीला आतून खाऊन बाहेर आलीय. आपल्या बाजूची आहे ही!" माझा आवाज चढला असणार, कारण शेजारच्या वावरातला गडीही बघायला आला.

ही कॅम्पोलेटिस क्लोरिडी, बारीक कमरेची परोपजीवी गांधीलमाशी. मिशा हलवत ती लहान अळी हुडकते, पोट पुढे वळवते आणि क्षणात एक अंडं अळीच्या अंगात सोडते. अंड्यासोबत एक विषाणूही जातो, तो अळीची प्रतिकारशक्ती दाबून टाकतो. अळी खात राहते, पण तिची वाढ खुंटते. साधारण आठवड्याभरात माशीची अळी तिचं अंग फोडून बाहेर येते आणि शेजारीच कोष विणते. घाटे पोखरण्याइतकी मोठी होण्याआधीच घाटेअळी मरते. मला यातलं सर्वांत मोलाचं हेच वाटतं. ट्रायकोग्रामासारख्या अंडी खाणाऱ्या मित्रकीटकाचं हरभऱ्यातल्या आंबेपुढे फारसं चालत नाही, ही मात्र त्याच आंबेत काम करते.

मग आम्ही जागा बदलत ओळी मोजल्या. मीटरभर ओळीत एक-दोन धडधाकट अळ्या भरल्या तर फवारणीचा विचार करायचा. इथे बहुतेक ठिकाणी एकही भरेना, कोष मात्र जागोजागी. त्यात जहाल औषध मारलं असतं तर घाटेअळीबरोबर तिचा वैरीही गेला असता. पंप रिकामाच घरी न्यायचं ठरलं. पक्ष्यांना बसायला काठ्या रोवायच्या, मादीच्या वासानं नर ओढणाऱ्या कामगंध सापळ्यातले घाटेअळीचे पतंग रोज मोजायचे आणि अळी वाढलीच तर आधी 5 टक्के निंबोळी अर्क.

निघताना काकांनी विचारलं, "मग तुरीलाबी नको फवारायला?" तुरीवर या गांधीलमाशीचा वावर बराच कमी असतो. म्हणून पंप बांधावरच राहू दिला आणि तुरीच्या शेंगा बघायला वळलो.