शेजारी बसलेला माणूस

३१ वर्षं फौजदारी कायदा शिकवून एप्रिलअखेर निवृत्त झाले. सकाळी सव्वासातचं लेक्चर सुटलं, कोर्ट नाक्यावरचा चहाही. निरोपाच्या दिवशी एकीने विचारलं, "मॅडम, लष्करी कायद्याकडे कशा वळलात?" तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही.

अण्णांमुळे. माझे वडील फौजेत हवालदार क्लार्क होते. पेन्शनवर आल्यावर आम्ही ठाण्यात, नौपाड्यात राहायचो. मी एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला असताना तलावपाळीवर फेरी मारताना त्यांनी सांगितलं, तेही एकदाच. युनिटमधल्या एका जवानाचं समरी कोर्ट मार्शल, म्हणजे फौजेतला झटपट खटला झाला, तेव्हा मदतीला म्हणून अण्णा त्याच्या शेजारी बसले होते. "सगळं माहीत होतं गं मला. पण बोलायची परवानगी नव्हती."

मला खरं वाटेना. ग्रंथालयात जाऊन आर्मी रूल्स, १९५४ काढले. नियम १२९. आरोपीला मदतनीस घेता येतो, वकीलसुद्धा चालतो. तो सल्ला देईल, साक्षीदाराला काय विचारायचं ते सुचवेल. स्वतः मात्र विचारणार नाही, कोर्टापुढे बोलणार नाही. आणि कोर्ट म्हणजे जवानाचा कमांडिंग ऑफिसर, एकटा. आणखी दोघं हजर असतात, त्यांना शपथ नसते. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, शिवाय नोकरीही जाऊ शकते.

फौजेत शिस्त हवी, निकाल झटपट हवा, हे मला मान्य आहे. फौजीची मुलगी आहे मी. तरीही ती मुकी खुर्ची मला आजही डाचते.

म्हणून रणजित ठाकूर खटल्याला मी दरवर्षी तीन तास द्यायचे. सिग्नल्सचा, म्हणजे फौजेच्या संदेशवहन शाखेचा हा जवान २८ दिवसांची सक्तमजुरी भोगत होता. गुन्हा काय, तर आपल्या अधिकाऱ्याविरुद्धची तक्रार परस्पर वर पाठवली. १९८५ साली, कोठडीत असतानाच, जेवायचा हुकूम झाला आणि तो जेवला नाही. त्यावर समरी कोर्ट मार्शल, वर्षभर कैद आणि बडतर्फी. ज्यांच्याविरुद्ध तक्रार, तेच अधिकारी त्या कोर्टात बसलेले! १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती शिक्षा रद्द केली. पक्षपाताची शक्यता होती, शिवाय जेवण नाकारल्याला ही शिक्षा फारच जबर होती. २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण आलं, अपिलाची वाट झाली. पण बडतर्फी नसेल आणि कैद तीन महिन्यांच्या वर नसेल, तर समरी कोर्ट मार्शलविरुद्ध तिथेही अपील नाही.

शेवटच्या तासाला वर्गात समरी कोर्ट मार्शल उभं केलं. कॉलेज करून वागळे इस्टेटला कामावर जाणारा एक मुलगा मदतनीस झाला. साक्षीदार धडधडीत खोटं बोलला, तसा तो अर्धवट उठला, माझ्याकडे पाहून खाली बसला आणि घाईघाईने चिठ्ठी लिहून आरोपी झालेल्या मुलीकडे सरकवली. तिला ते अक्षर लागेपर्यंत साक्षीदार जागेवर जाऊन बसला होता.