पेनड्राइव्हमधला पखवाज

मुंबईला निघताना पिशवीत दोन गोष्टी आठवणीने घातल्या होत्या. भाच्याकडे द्यायची कोकमं आणि एक पेनड्राइव्ह. त्यात २००९ च्या कार्तिकात आमच्या वाडीतल्या देवळात मी केलेलं भजनाचं रेकॉर्डिंग होतं. सभामंडपात बुवांपासून चार हातांवर पाट मांडून, खाली पंचाची घडी घालून त्यावर छोटा रेकॉर्डर ठेवला होता. पखवाजावर नाना, म्हणजे माझे वडील. आता ते ७८ वर्षांचे आहेत. बोटं थरथरतात म्हणून गेली सहा वर्षं त्यांनी पखवाजाला हात लावलेला नाही. तो खोळ घालून माजघरात खुंटीला असतो आणि पावसाळ्यात पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, सादळू नये म्हणून चुलीवरच्या माळ्यावर जातो.

मी मालवणात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. स्पीकर हा माझा वीस वर्षांचा नाद. कॉलेजच्या वयात घेतलेल्या जुन्या स्पीकरच्या कोनाभोवतीचं, म्हणजे हलून आवाज काढणाऱ्या शंकूभोवतीचं, फोमचं कडं आमच्या दमट हवेत तीनच वर्षांत हाताला चिकटायला लागलं आणि मग तुकड्या-तुकड्याने गळून पडलं. ते काढून रबराचं कडं चिकटवायला शिकले, तिथून हे सुरू झालं. त्यामुळे अंधेरीच्या एका हॉटेलात हायफाय प्रदर्शन आहे असं भाच्याने कळवलं तेव्हा मी कुडाळहून कोकणकन्येचं तिकीट काढून मोकळी झाले.

अशा प्रदर्शनात हॉटेलच्या खोल्यांमधले पलंग हलवतात आणि एकेका खोलीत एकेक संच मांडतात. पाच-सहा खुर्च्या, ओढलेले पडदे, मंद दिवे. दोन दिवसांत मी वीसेक खोल्या ऐकल्या असतील. बहुतेक ठिकाणी त्याच त्या चार-पाच विलायती गाण्यांची फेरी चालू होती. सगळीकडे ती सुंदरच वाटली. पण गाणाऱ्या बाईचा मूळ आवाज मी कधी समोर बसून ऐकलेला नाही, मग यंत्र खरं बोलतंय की गोड बोलतंय हे मी कशावरून ठरवणार? नानांचा पखवाज मात्र मी चालायला लागायच्या आधीपासून हाताच्या अंतरावरून ऐकला आहे. म्हणून पेनड्राइव्ह. त्यात चार मिनिटांचा तुकडा काढून ठेवला होता : एका अभंगाचा शेवट, मधली थोडी विश्रांती, दुसऱ्या अभंगाची सुरुवात.

पखवाज ही स्पीकरची फार कठीण परीक्षा आहे. साध्या गोल पडद्यावर थाप मारली तर त्यातून निघणारे वरचे स्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत नसतात, म्हणून साधा ढोल सुरात लागत नाही. उजव्या पुडीवरची शाई, म्हणजे मधला काळा लेप, पडद्याचं वजन मधोमध वाढवते आणि ते वरचे स्वर दुप्पट, तिप्पट, चौपट असे रांगेत आणून बसवते. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये हे दाखवून दिलं, आणि मी दरवर्षी वर्गात सांगते. डाव्या पुडीवर ऐनवेळी ओली कणीक लावतात, तिथून तो पोटात उतरणारा ‘धुम्’ येतो. म्हणजे एकाच वाद्यात एका हाताला सूर आणि दुसऱ्या हाताला खर्ज. वर लाकडी खोडाचा घुमारा, बोटांची चाट, आणि हे सगळं एका क्षणात सुरू होऊन संपणारं.

निम्म्या खोल्यांनी पेनड्राइव्ह घेतलाच नाही. ‘फक्त स्ट्रीमिंग आहे, मॅडम.’ एका खोलीत मी ॲम्पच्या, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या, आउटपुट इम्पीडन्सबद्दल विचारलं, तर समोरच्या गृहस्थांनी सगळं उत्तर माझ्या भाच्याकडे बघून दिलं. भाचा अकाउंटंट आहे. प्रश्न मी विचारला होता, उत्तर मला हवं होतं, आणि हे मला लागलं.

पहिला मोठा धडा सगळ्यात महाग खोलीत मिळाला. माझ्या खांद्याएवढे उंच स्पीकर, प्रत्येकाला वेगळा ॲम्प, तोही दोघांनी उचलावा असा. किमतीत मालवणला समुद्राच्या बाजूला जागा येईल. तिथल्या मुलाने मात्र आनंदाने पेनड्राइव्ह लावला. पहिल्या अभंगाचा शेवट उत्तम वाजला, झांजेचं पितळ पितळासारखं. मग दुसरा अभंग सुरू झाला आणि डाव्या हाताची प्रत्येक थाप खोलीभर गडगडायला लागली. दोन थापांमधली जागाच भरून गेली. वादक तेच, पखवाज तोच, स्पीकरही तेच. पहिल्यात नाही आणि दुसऱ्यात का?

गडगडाटाचं गणित तिथल्या तिथे मांडता आलं. खोली पावलांनी मोजली, लांबी पाच मीटर भरली. आवाज सेकंदाला सुमारे ३४६ मीटर जातो. पाच मीटरच्या दोन भिंतींमध्ये ३५ हर्ट्झच्या आसपास पहिली स्थिर लहर उभी राहते आणि ६९ च्या आसपास दुसरी. त्या स्वराला खोली स्वतःच वाद्यासारखी वाजते, आणि अशा लहरीचा दाब सगळ्यात जास्त असतो तो भिंतीलगत, जिथे माझी खुर्ची होती. मी त्या मुलाला विचारून खुर्ची सव्वा मीटर पुढे ओढली. लांबीच्या पाव भागावर दुसऱ्या लहरीचा दाब जवळजवळ शून्य होतो. गडगडाट तिथे ओसरला. तो मुलगाही येऊन माझ्या खुर्चीत बसला, मग उठून मागे भिंतीशी गेला, परत पुढे आला. ‘हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं,’ म्हणाला. म्हणजे ६९ च्या जवळचं काहीतरी दुसऱ्या अभंगात होतं आणि पहिल्यात नव्हतं. ते काय, हे तेव्हा कळलं नाही.

दुपारी भोंग्याच्या खोलीत गेले. जत्रेतल्या दशावताराला लांबून आवाज ऐकू यायचा तो भोंग्यातूनच, त्यामुळे हा प्रकार मला परका नव्हता. इथे क्लिप्शहॉर्न होते. पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये कंपनी काढली ती याच स्पीकरसाठी, आणि ती रचना अजून बनते. खर्जाचा भोंगा घड्या घालून पेटीत बसवलेला आणि त्याचा शेवटचा भाग म्हणजे खोलीचा कोपरा. त्यांना जोडलेला ॲम्प ३००बी व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळीचा, चॅनेलला जेमतेम ८ वॉट. वेस्टर्न इलेक्ट्रिकने १९३० च्या दशकात हा व्हॉल्व्ह आणला आणि तो सिनेमागृहांच्या ॲम्पमध्ये वापरला जायचा. ८ वॉटवर भागतं कसं? या स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे एक वॉट दिल्यावर एक मीटरवर मिळणारा आवाज, कंपनी १०५ डेसिबल सांगते. जो स्पीकर ८४ डेसिबलचा आहे, त्यातून तेवढाच मोठा आवाज काढायला सुमारे १००० वॉट लागतील. वर्गात लॉगरिथम शिकवताना मुलं कंटाळतात, त्यांना या खोलीत आणून बसवावं असं फार वाटलं.

थाप! पखवाजाची थाप मी स्पीकरमधून इतकी जिवंत कधी ऐकली नव्हती. चामड्यावर तळवा आपटतो तो क्षण छातीवर लागला. मात्र बुवांचा आवाज किंचित हाताचे पंजे तोंडाभोवती धरून गायल्यासारखा होत होता, आणि बुवा तसे गात नसत. त्यांचा खरा आवाज मिळाला तो पुढच्या खोलीत एलएस३/५ए वर. बीबीसीने प्रक्षेपणाच्या गाडीत मावावा म्हणून १९७० च्या दशकात बनवलेली ही शाळेच्या दप्तराहून लहान पेटी. खर्ज तिच्यात मावत नाही, डावा हात नुसता सुचवला जातो. पण ‘विठ्ठल’ म्हणताना बुवांची जीभ टाळ्याला लागते ते दिसलं. होय, दिसलंच.

ॲम्पविषयी थोडक्यात. एका ठिकाणी दोन ॲम्प आलटून पालटून लावत होते आणि महागडा सगळ्यांना आवडत होता. मी फोनवर पातळी मोजली, तो दीड डेसिबल मोठा वाजत होता. आपला कान एवढ्या फरकाला ‘मोठा’ म्हणत नाही, ‘छान’ म्हणतो. पातळी जुळवून लावायची विनंती केली आणि त्यांनी ती मानली. मग मला तरी दोघांत फरक सांगता आला नाही. ॲम्पच्या प्रकारांपैकी क्लास ए मला मनापासून आवडतात, पण चॅनेलला २५-३० वॉट देण्यासाठी ते गाणं नसतानाही दोन-अडीचशे वॉट सतत खातात आणि तव्यासारखे तापतात. मे महिन्यात मालवणात ते मी लावणार नाही. आमच्या इन्व्हर्टरवर क्लास डी बरा, घेतलेल्या विजेतली बहुतेक तो स्पीकरलाच देतो. केबलींच्या खोलीत मला काहीही वेगळं ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी क्वाड या ब्रिटिश कंपनीचे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर ऐकले. पेटी नाही, कोन नाही, चुंबक नाही. दोन जाळीदार पट्ट्यांमध्ये ताणलेला अतिशय पातळ प्लास्टिकचा पडदा, त्यावर हजारो व्होल्टचा दाब, आणि पट्ट्यांवरच्या सिग्नलने तो पुढेमागे ओढला जातो. क्वाडचे संस्थापक पीटर वॉकर यांनी याचं पहिलं रूप १९५७ मध्ये विकायला आणलं. १९८१ च्या ईएसएल-६३ पासून त्यांनी पट्ट्यांची गोल वलयं केली आणि बाहेरच्या वलयाला सिग्नल किंचित उशिरा पोचवला. तळीत खडा टाकल्यावर तरंग पसरतात तसा आवाज पडद्यामागच्या एका बिंदूतून आल्यासारखा पसरतो. शिवाय तो पुढे आणि मागे जातो, बाजूला जवळजवळ जात नाही, म्हणून खोली कमी चेकाळते.

खोलीत माझ्याशिवाय दोघेच होते. अभंग संपला, झांज थांबली, कोणीतरी खाकरलं. आणि मग एक आवाज आला : थप, थप, थप. मऊ, ओला, डावीकडून, जमिनीपासून हातभर वर. घरी हा आवाज मी शेकडो वेळा ऐकला होता आणि कोणीतरी अनवाणी खांबाजवळून गेलं असं समजत होते. इथे तो चालत नव्हता. एकाच जागी होता, आणि त्याच्या मागे खोडाचा बारीक घुमारा होता. मी तो तुकडा तीनदा लावायला सांगितला.

निघताना विचारलं, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर हे किती टिकतील? तिथल्या वयस्कर माणसाने सरळ सांगितलं की दमट हवा आणि धूळ म्हणजे यांचे शत्रू, ओलाव्यातून व्होल्टेज गळतं, ठिणग्या पडतात, बारा महिने एसी असेल तरच विचार करा. आमच्याकडे तांब्याच्या उघड्या वायरीवर एका पावसाळ्यात हिरवा थर चढतो. त्यांनी खोटं सांगून स्पीकर विकायचा प्रयत्न केला नाही याबद्दल मी त्यांचे आभार मानले.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते माझे रबर लावलेले स्पीकर भिंतीपासून चार फूट पुढे ओढायचं. आमचं माजघर चिऱ्याचं, वर उतरतं कौलारू छप्पर, त्यामुळे वर-खाली समांतर काही नाही. फक्त भिंतींचा त्रास होता, तो बराच कमी झाला. ॲम्प तोच जुना. नानांना त्यांच्या खुर्चीसकट मधे आणून बसवलं आणि काहीही न सांगता तुकडा लावला.

‘नानानू, मधी ह्या थप-थप काय वाजता?’

त्यांचा डावा तळवा खुर्चीच्या हातावर हलकेच तीनदा पडला. ‘गो, ती कणीक. सुकली हुती. पाण्याचो हात लावन थापटलंय मी.’

रात्री अख्खं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर घेऊन डाव्या हाताच्या थापांचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठला स्वर किती जोरात आहे त्याचा आलेख, काढला. पहिल्या अभंगाच्या शेवटी मूळ स्वर ७३ हर्ट्झवर होता. थापटल्यानंतर, दुसऱ्याच्या सुरुवातीला, ६९. ओल्या कणकेचं वजन वाढलं, स्वर उतरला, आणि अंधेरीतल्या पाच मीटरच्या खोलीला तो नेमका सापडला.

सकाळी चहाच्या वेळी नानांना आकडे सांगितले. ते थोडा वेळ बशीकडे बघत राहिले.

‘आणि दुसऱ्याच्या शेवटाक?’

ते मी पाहिलंच नव्हतं. लॅपटॉप आणून तिथेच ओटीवर मोजलं. ७२.

‘म्हणजे तिसऱ्याक परत लावूक व्हयी हुती,’ नाना म्हणाले. ‘लावलंय नाय मी. बुवान लगेच गजर उचललान.’