सिरीयल किलरचा एपिसोड आणि मधला तो 'बोअर' भाग

शनिवारचा एपिसोड झाल्यापासून जो भेटतोय तो एकच बोलतोय, सुरुवात भारी, शेवट भारी, मधे बोअर. धाकटा भाऊ तर मधेच उठून मोबाईल चार्जिंगला लावून आला आणि परत येऊन मलाच विचारतोय, ताई काही झालं का? अरे जे व्हायचं ते तेवढ्यातच झालं! मला तो मधला भाग सगळ्यात जास्त आवडला आणि का आवडला ते नीट लिहायचंय, कारण या मालिकेवर माझा फार जीव आहे आणि हा एपिसोड त्यांनी अर्धा मन लावून केलाय आणि अर्धा नुसता सवयीने.

ज्यांनी पाहिला नाही त्यांनी इथेच थांबा, पुढे सगळं सांगून टाकणार आहे.

तर गोष्ट अशी की वेगवेगळ्या गावांत बायकांचे खून होतायत, प्रत्येक गावचं पोलीस ठाणं वेगळं, फाईल वेगळी, आणि शेजारच्या ठाण्यातही अशीच केस पडून आहे हे कुणाच्याच गावी नाही. मग मुख्यालयातली एक महिला कॉन्स्टेबल सगळ्या ठाण्यांची रात्रीच्या गस्तीची रजिस्टरं मागवून घेते आणि वाचत बसते. एवढंच. म्युझिक नाही, कुणी धावत आत येत नाही. तिचं बोट ओळीवरून खाली खाली जातंय, एका गाडीच्या नंबरावरून ते पुढे निघून जातं, दोन-चार पानं उलटून होतात आणि मग ती थांबते, मागे येते, पहिलं रजिस्टर परत ओढते. तोच नंबर, पण हस्ताक्षर दुसरं आणि शेवटचा आकडा गिरवलेला, 3 आहे की 8 ते कळेना. मग ती त्या रात्री गस्तीवर असलेल्या माणसाला फोन लावते, तो आता रिटायर झालाय, त्याला आधी काही आठवत नाही, आणि ती घाई न करता विचारत राहते, पाऊस होता का, गाडी कुठल्या बाजूला उभी होती, तुम्ही टॉर्च मारला होता का. त्या अभिनेत्रीने हे इतकं साधेपणाने केलंय ना! चेहऱ्यावर कुठेही 'सापडला!' असं नाही, उलट आपण चुकीचं तर वाचत नाही ना ही धास्ती आहे.

भावाचं म्हणणं, असं कुठे कोणी पकडलं जातं का, नुसती रजिस्टरं वाचून? अरे असंच पकडलं जातं. न्यूयॉर्कचा डेव्हिड बर्कोविट्झ, ज्याला 'सन ऑफ सॅम' म्हणायचे, 1976-77 मधे त्याने अख्खं शहर घाबरवून सोडलं होतं, आणि सापडला कशावरून तर पार्किंगच्या दंडाच्या पावतीवरून. त्याच्या शेवटच्या गोळीबाराच्या रात्री कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एका बाईने पोलिसाला गाड्यांवर पावत्या लावताना पाहिलं होतं, तिने ते नंतर सांगितलं, मग त्या रात्रीच्या पावत्या काढून बघितल्या गेल्या आणि त्यात फायर हायड्रंटजवळ, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या नळाजवळ लावलेल्या त्याच्या गाडीची पावती निघाली. 31 जुलैची ती रात्र आणि 10 ऑगस्ट 1977 ला तो पकडला गेला.

आणि पीटर सटक्लिफची केस तर या एपिसोडच्या लेखकाने नक्की वाचलेली असणार असं मला वाटतं. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा हा ट्रक ड्रायव्हर, 1975 ते 1980 मधे त्याने 13 बायका मारल्या, आणि पोलिसांनी तेवढ्या काळात त्याची तब्बल नऊ वेळा चौकशी करून त्याला सोडून दिलं होतं. मँचेस्टरमधे मारलेल्या एका बाईच्या पर्समधे कोरी पाच पौंडाची नोट सापडली होती, तिच्या नंबरवरून बँक, बँकेवरून कुठल्या कुठल्या कंपन्यांच्या पगारात ती गेली असेल ते, असं करत करत पोलीस त्याच्या घरापर्यंत पोचलेही होते. पण सगळी माहिती हजारो कार्डांवर हाताने लिहिलेली, याची आधीची चौकशी एका कार्डवर आणि गाडी कुठे दिसली ते दुसऱ्यावर, दोन्ही एकत्र कोण ठेवणार? त्यात 1979 मधे मीच खुनी म्हणून एक ध्वनिफीत आली, पोलिसांनी ती खरी धरली आणि ज्याची बोली त्या आवाजासारखी नाही त्याला यादीतून बाजूला काढायला लागले, सटक्लिफची बोली वेगळी, तो बाजूला. टेप पाठवणारा भलताच कुणीतरी होता, त्याला 2006 मधे शिक्षा झाली.

शेवटी 2 जानेवारी 1981 ला शेफिल्डमधे दोन गस्तीवरच्या पोलिसांनी त्याला पकडलं ते गाडीला खोटी नंबरप्लेट होती म्हणून! लघवीला जातो सांगून तो अंधारात गेला आणि तिथे हातोडा आणि सुरी लपवून आला. त्यातल्या सार्जंटला दुसऱ्या दिवशी ते आठवलं, हा माणूस तिकडे कशाला गेला होता, म्हणून तो परत त्या जागी गेला आणि हत्यारं मिळाली. मला विचाराल तर अख्ख्या केसमधली सगळ्यात थरारक गोष्ट ही आहे, एका माणसाला दुसऱ्या दिवशी काहीतरी खटकलं आणि तो परत गेला. ब्रिटिश पोलिसांनी पुढे मोठ्या तपासांसाठी होम्स नावाची कॉम्प्युटर सिस्टीम आणली त्यामागे हाच कार्डांचा घोळ होता.

आता शेवटाकडे येते. शेवटच्या भागात सगळ्यांना आवडलेला तो चौकशीचा सीन, किलर शांत बसलाय, बुद्धिबळाच्या गोष्टी सांगतोय आणि अधिकाऱ्यालाच प्रश्न टाकतोय. माझ्या मैत्रिणीचं मत की त्या नटाने एपिसोड खाऊन टाकला, आणि काम त्याने केलंयच जबरदस्त, डोळे न मिटता बोलतो ते बघून अंगावर काटा येतो. पण लिहिणाऱ्यांनी त्याला एवढा हुशार का केलाय? ज्या माणसाला एका गिरवलेल्या आकड्यावरून शोधलं तो पुढच्या दहा मिनिटांत अचानक जगातला सगळ्यात बुद्धिमान माणूस होतो, आणि कॉन्स्टेबल तर त्या खोलीत सुद्धा नाही! इथे मला खरंच राग आला. खरे किलर बहुतेक वेळा इतके हुशार नसतात. अमेरिकेतल्या विचिटाचा डेनिस रेडर, 10 खून करून 1991 नंतर कितीतरी वर्षं मोकळा फिरला, त्याने पोलिसांनाच विचारलं की फ्लॉपी पाठवली तर माझा माग लागेल का, आणि पोलिसांनी पेपरमधे जाहिरात देऊन काही होणार नाही असं कळवलं तर त्याने विश्वास ठेवला. फ्लॉपीत डिलीट केलेल्या फाईलवर त्याच्या चर्चचं नाव आणि 'डेनिस' असं निघालं, 2005 च्या फेब्रुवारीत अटक. इतकी वर्षं तो सुटला कारण शेजारीपाजारी, चर्चमधे सगळ्यांना तो ओळखीचा नेहमीचा माणूस वाटायचा, त्यात बुद्धिबळ कुठेच नाही.

ऑफिसमधल्या एकाचं म्हणणं वेगळं, त्याला प्रोफायलरचं पात्र फार आवडलं, जो नुसते फोटो बघून सांगतो की खुनी अविवाहित आहे, आईवर चिडलेला आहे वगैरे. प्रोफायलिंगने मदत होत असेलच, पण मालिकेत ते कधी चुकतच नाही हे मला धोक्याचं वाटतं. लंडनमधे 1992 साली विम्बल्डन कॉमन नावाच्या मोकळ्या माळावर एका तरुण आईचा खून झाला, प्रोफाईलमधे बसतो म्हणून पोलीस एका माणसाच्या मागे लागले, साध्या वेशातली महिला अधिकारी त्याच्याशी मैत्री करायला पाठवली, 1994 मधे न्यायाधीशांनी तो पुरावा फेटाळला आणि केस कोसळली. खरा खुनी रॉबर्ट नॅपर, त्याने कबुली दिली 2008 मधे, आणि पोलीस भलत्याच माणसाच्या मागे असताना 1993 मधे त्याने आणखी एका आईला आणि तिच्या लहान मुलीला मारलं होतं. असा एपिसोड करा ना कधीतरी, जिथे प्रोफायलर आत्मविश्वासाने बोलतोय आणि तो चूक आहे.

बालपणाच्या फ्लॅशबॅकबद्दल फार बोलत नाही. वहिनी म्हणाली की त्याचा बाप मारायचा हे बघून तिला वाईट वाटलं, मलाही त्या मुलाचं वाईट वाटलं, पण मार खाल्लेली बहुतेक मुलं मोठी होऊन कुणाला मारत नाहीत आणि एपिसोड हे एका वाक्यानेही सांगत नाही. डीएनए रिपोर्ट संध्याकाळपर्यंत येतो ते तर आता सगळेच चालवून घेतात.

एक गोष्ट मात्र दिग्दर्शकाने फार चांगली केलीय आणि कुणी त्याबद्दल बोललं नाही म्हणून सांगते. दुसऱ्या बाईच्या घरी पोलीस जातात तेव्हा तिची बहीण आधी तिचा मोबाईल परत मागते, त्यात मुलाचे फोटो आहेत म्हणून, आणि अधिकारी सांगतो की तो पुराव्यात जमा आहे, केस संपेपर्यंत मिळणार नाही. ती भांडत नाही, रडत नाही, फक्त विचारते किती दिवस. खून दाखवण्यापेक्षा हे दाखवणं अवघड आहे, आणि खून त्यांनी दाखवलाही नाही, दाराशी कॅमेरा थांबवला, त्यासाठी पूर्ण मार्क. आई असल्या मालिका बघत नाही, पण या सीनला ती उभ्या उभ्या थांबून बघत होती.

पुढच्या शनिवारी कोर्टाचा भाग आहे, प्रोमोमधे परत किलरचाच चेहरा. बचावाचा वकील त्या गिरवलेल्या आकड्यावर तुटून पडणार हे उघड आहे, आणि पडायलाच हवं, 3 चा 8 कुणी आणि कधी केला हे तो विचारणारच. तेव्हा साक्षीला त्या कॉन्स्टेबलला आणि त्या रिटायर माणसाला उभं करा, त्यांना बोलू द्या, भले परत सगळे बोअर म्हणोत.